डीपीची वर्गणी आणि विजेची सोसायटी

रब्बीत डीपी, म्हणजे शिवारातलं विजेचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), जळाली की पुढचं सगळं ठरल्यासारखं होतं. हरभऱ्याचं पाणी चालू असतं, ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, आणि संध्याकाळी लाईट आल्या आल्या मोठा आवाज होऊन शिवारातल्या वीसेक मोटारी एका दमात बंद पडतात. सकाळी पारावर माणसं जमतात. ज्याची जितक्या एचपीची मोटर, त्याची तितकी वर्गणी, असा हिशेब निघतो. ट्रॅक्टर एकाचा, डिझेल दुसऱ्याचं, चेनपुली शेजारच्या गावातून. जळालेलं रोहित्र उतरतं, तालुक्याला जातं, दुसरं येतं, चढतं. ग्रामीण भागातलं नादुरुस्त रोहित्र ४८ तासांत बदलून द्यावं असा वीज कंपनीसाठी नियम आहे, आणि ने-आण करणं हेही तिचंच काम आहे. पण हळद डोळ्यांसमोर वाळत असताना नियमाची वाट बघत बसणारा शेतकरी विरळाच.

या खटाटोपाकडे नीट बघितलं तर ती एक सहकारी संस्थाच आहे. सभासद ठरलेले आहेत, भाग एचपीच्या प्रमाणात आहे, कामं वाटून घेतलेली आहेत, निर्णय चारचौघांत होतो. वही मात्र नाही, पावती नाही, गंगाजळी नाही, आणि ज्या वस्तूसाठी पैसे दिले ती देणाऱ्यांच्या मालकीची नाही. ग्राहकांच्या मालकीच्या वीज सोसायटीबद्दल लिहायचं तर म्हणूनच डीपीपासून लिहावं असं मला वाटतं. अशी सोसायटी तगते की बुडते, हे तिच्या मुख्य कार्यालयाच्या कितीतरी आधी डीपीखाली ठरलेलं असतं.

तर आधी डीपीचं गणित.

शेतशिवारात बहुतेक ठिकाणी ६३ किंवा १०० केव्हीएचं (केव्हीए हे रोहित्राच्या क्षमतेचं माप) रोहित्र असतं. ते ११ हजार व्होल्टचा दाब ४३३ व्होल्टवर आणतं. १०० केव्हीएचं रोहित्र खालच्या बाजूला १३३ अँपिअर देऊ शकतं, ६३ केव्हीएचं ८४. आता पाच एचपीची मोटर घ्या. एक एचपी म्हणजे ०.७४६ किलोवॅट, म्हणजे पंपाच्या दांड्यावर ३.७३ किलोवॅट. पण मोटर जुनी, एकदोनदा वाइंडिंग भरून आणलेली असेल तर ती लाईनीतून पाच किलोवॅटच्या घरात ओढते. त्यात पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा भाग, ०.८ धरला तर रोहित्रावरचा भार सव्वासहा केव्हीए होतो आणि प्रवाह साडेआठ अँपिअरच्या पुढे जातो. म्हणजे १०० केव्हीएच्या डीपीवर अशा पंधरा मोटारी झाल्या की ती भरली. वीस चालल्या तर १२५ केव्हीए. कागदावर 'वीस मोटारी, १०० एचपी, १०० केव्हीएची डीपी' हे जुळल्यासारखं दिसतं, आणि फसगत इथंच होते. शिवाय कागदावरची पाच एचपी विहिरीत किंवा बोअरमध्ये कितीदा साडेसातची असते, ते प्रत्येक गावाला माहीत आहे.

कपॅसिटरचं महत्त्व इथं कळतं. मोटर चुंबकत्व तयार करायला जो जादा प्रवाह ओढते, त्यातून पाणी एक थेंबही वर येत नाही, पण तार आणि रोहित्र तापतं ते त्यानेही. कपॅसिटर तो प्रवाह मोटारीजवळच पुरवतो. तीन एचपीला १ केव्हीएआर (कपॅसिटरच्या क्षमतेचं एकक), पाचला २, साडेसातला ३ हे रूढ माप आहे. वरच्या वीस मोटारींना प्रत्येकी २ केव्हीएआरचा कपॅसिटर बसला तर १२५ केव्हीएचा भार १०६ वर येतो. तेवढ्याच मोटारी, तेवढंच पाणी, आणि डीपीवरचा १९ केव्हीएचा बोजा उतरला. कपॅसिटर स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला जोडावा, म्हणजे मोटारीबरोबरच चालू आणि बंद होतो. तो फुगला किंवा गळाला असं दिसलं की मेला समजावं. पुष्कळ पेट्यांमध्ये कपॅसिटर आहे पण वायर काढून ठेवलेली आहे, कारण कधीतरी स्टार्टर बिघडला आणि मिस्त्रीने सगळ्यात आधी तोच सोडवला. अशी पेटी उघडून बघणं हे सोसायटीचं पहिल्या दिवसाचं काम. उघडताना मेन बंद असावा, आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो, हे विसरू नये.

दुसरा शत्रू ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा स्विच. लाईट रात्रीअपरात्री येते, शेतात जाऊन बटण दाबणं जिवावर येतं, अंधारात साप-विंचवाची भीती असते, म्हणून लोक ऑटो लावतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण मोटर सुरू होताना नेहमीच्या सहापट प्रवाह ओढते. वीस मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या तर मागणी हजार अँपिअरच्या वर जाते, आणि डीपीची क्षमता १३३. संध्याकाळी लाईट आल्या आल्या होणारा तो आवाज यातूनच येतो. ऑटो काढाच असा हट्ट धरला तर कुणी ऐकत नाही. त्यापेक्षा टाइमर लावावा आणि डीपीवरच्या मोटारींना क्रमांक द्यावेत: पहिली लगेच, दुसरी वीस सेकंदांनी, तिसरी चाळीस सेकंदांनी. वीस मोटारी सात मिनिटांच्या आत एकेक करून सुरू होतात आणि कुणाचं पाणी बुडत नाही. अडचण यंत्राची नाही, क्रमांक ठरवण्याची आहे. 'माझा शेवटचा का' हा प्रश्न सोडवायला सर्वांनी मान्य केलेली एक बैठक लागते. दर महिन्याला क्रमांक फिरवला की तोही सुटतो.

तिसरी गोष्ट फ्यूज. फ्यूज जळण्यासाठीच असतो. तो जळतो म्हणून रोहित्राचं वेटोळं वाचतं. तो सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या कप्प्यात) जाड तार, कधी तारेच्या तीन-चार पदरी गुंडाळ्या घातल्या जातात. मग उडायला फ्यूजच उरत नाही आणि उडतं ते रोहित्र. फ्यूज आठवड्यात दोनदा उडत असेल तर डीपी काहीतरी सांगते आहे: भार जास्त आहे, एका फेजवर जास्त आहे, किंवा कुठंतरी तारा एकमेकींना लागताहेत. शेतवस्तीवरची घरं, चोरून टाकलेले आकडे, सिंगल फेजवर कंडेन्सर लावून चालवलेल्या मोटारी यामुळे एक फेज लादला जातो आणि बाकी दोन मोकळे राहतात. त्यातच न्यूट्रल तुटला तर एखाद्या घरात बल्ब मिणमिणतो आणि शेजारच्या घरात टीव्ही जळतो.

आणि फ्यूज घालायला कोण चढतं? बहुतेक गावांत एक झिरो वायरमन असतो. नेमणूक नाही, पगार नाही, विमा नाही, हातमोजे नाहीत. तो नसला तर ज्याचं पाणी अडलंय तो शेतकरी स्वतः चढतो. एबी स्विच (डीपीला येणारी उच्चदाब लाईन तोडणारा खांबावरचा स्विच) खाली ओढला म्हणजे डीपी मेली असं समजून माणसं हात घालतात, पण त्या स्विचचं एक पातं अडकून चिकटलेलं राहिलं असेल तर तो फेज जिवंतच असतो. कुणाच्या जनरेटरचा किंवा दुसऱ्या डीपीवरून ओढलेल्या वायरचा प्रवाह उलटा येतो, तोही माणूस मारतो. विजेची सोसायटी काढायची इच्छा असणाऱ्यांनी इतर कशाहीआधी एक ठराव करावा: नेमलेल्या, शिकलेल्या लाईनमनशिवाय डीपीला कुणी हात लावणार नाही, उपकेंद्रातून लाईन बंद करून घेतल्याशिवाय आणि तारांना अर्थिंग रॉड अडकवल्याशिवाय तोही चढणार नाही. एका पाण्याच्या पाळीपायी घरचा कर्ता माणूस जाणं आपण फार वर्षं सोसलं.

देखभालीतलं बाकीचं थोडक्यात. रोहित्रातलं तेल कमी झालं की आतलं वेटोळं उघडं पडतं, म्हणून तेलाची पातळी दाखवणारी काच महिन्यातून एकदा जमिनीवरूनच बघावी. गळती असेल तर टाकीवर धूळ बसून काळा ओला पट्टा दिसतो. ब्रीदर म्हणजे रोहित्रात हवा जायची वाट. तिच्यातली ओल शोषणारी सिलिका निळी असली तर कोरडी. गुलाबी झाली म्हणजे दमट हवा आत जायला लागली. अर्थिंगचा प्रश्न मराठवाड्याच्या काळ्या रानात वेगळाच आहे. ही जमीन ओली असताना वीज छान पोटात घेते, पण उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात आणि अर्थिंगचा पाइप मातीपासून सुटतो. जूनच्या पहिल्या वादळात, विजा कडाडत असताना, नेमकं अर्थिंग नसतं. मार्च ते जून आठवड्यातून एकदा खड्ड्यात दोन घागरी पाणी, आणि वर्षाआड कोळसा-मीठ बदलणं, एवढ्यावर पुष्कळ रोहित्रं वाचतात. न्यूट्रल, टाकी आणि तडितरोधक यांची अर्थिंग वेगवेगळी असावी. एकाच पाइपला सगळं बांधलेलं दिसलं तर ते सुटं करून घ्यावं. सैल पडलेल्या लघुदाब तारा वाऱ्याने एकमेकींना लागतात आणि ठिणगी पडून खालचा ऊस पेटतो. दोन खांबांच्या मध्ये स्पेसर बसवले की हे टळतं.

आता डीपीच्या पुढची तार. हा भाग लोकांच्या नजरेतून सुटतो आणि सोसायटीचा सगळ्यात जास्त पैसा इथं गळतो.

समजा डीपीपासून एक किलोमीटरवर, लाईनीच्या शेवटी, पाच एचपीच्या सहा मोटारी आहेत. तार बारीक, विझल जातीची. तिचा रोध किलोमीटरला सुमारे ०.९ ओहम. सहा मोटारी एकदम चालल्या तर तारेतून ५२ अँपिअर जातो. डीपीपाशी ४१५ व्होल्ट असतील तर शेवटी ३३० ते ३४० पोचतात. तीन तारांमध्ये मिळून सव्वासात किलोवॅट नुसत्या उष्णतेत जातात. मोटारींना ३० किलोवॅट मिळावेत म्हणून डीपीतून ३७ निघतात, म्हणजे पाचातला एक भाग वाटेतच संपतो. यात चोरी नाही, आकडा नाही, मीटरमधली लबाडी नाही. शिवाय दाब कमी झाला की मोटर आणखी प्रवाह ओढते, तापते आणि भरायला जाते. शेवटच्या शेतकऱ्याची मोटर दरवर्षी का जळते याचं उत्तर त्याच्या नशिबात शोधायचं कारण नाही, ते या एका किलोमीटरात आहे.

याला दोन उपाय आहेत. खर्चिक उपाय म्हणजे उच्चदाबाची लाईन शेतापर्यंत नेऊन तिथं १६ किंवा २५ केव्हीएची छोटी रोहित्रं बसवणं. २५ केव्हीएवर कपॅसिटर जोडलेल्या पाच एचपीच्या चार मोटारी आरामात बसतात, आणि चारच घरांची डीपी असली की कोण काय करतंय हे चौघांना दिसतं. आकडा टाकायला कुणी धजत नाही. बिनखर्चाचा उपाय म्हणजे पाळी. कालव्याच्या पाण्याची पाळी आपल्याकडे नवी नाही, जायकवाडीच्या लाभक्षेत्रात तर पिढ्या तीवर वाढल्या. तीच विजेला लावायची. आठ तास लाईट असेल तर तीन मोटारी पहिले चार तास, तीन पुढचे चार तास. तारेतला प्रवाह निम्मा झाला की उष्णतेतली घट एक चतुर्थांश होते. सहाही मोटारी एकदम चार तास चालवल्या तर तारेत २९ युनिट जातात; तीन-तीन करून आठ तासांत चालवल्या तर १५ सुद्धा जात नाहीत. पाणी तेवढंच, उलट दाब चांगला मिळाल्याने थोडं जास्तच. असं काही एकटादुकटा शेतकरी करू शकत नाही, आणि वीज कंपनीलाही प्रत्येक शिवारात जाऊन पाळ्या लावणं शक्य नाही. ते काम त्याच डीपीवरच्या माणसांचं आहे. सहकाराची खरी गरज मला इथं दिसते.

आता पूर्ण सोसायटीकडे येऊ. सभासदांच्या मालकीची वीज संस्था ठोक वीज विकत घेते, ३३ किंवा ११ हजार व्होल्टवर, एका मोजणीच्या ठिकाणी. तिथून पुढचे खांब, तारा, रोहित्रं, मीटर, लाईनमन आणि बिलं तिची. ग्राहक हाच सभासद, एका सभासदाला एक मत, संचालक निवडून आलेले. वर्षाअखेर शिल्लक राहिलीच तर महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि लाभांश १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही. अमेरिकेत १९३५ नंतर शेतकऱ्यांनी अशाच संस्था काढल्या आणि आजही तिथं नऊशेच्या आसपास चालतात. तिथं शिल्लक रक्कम सभासदाने वापरलेल्या विजेच्या प्रमाणात त्याच्या नावावर जमा होते आणि काही वर्षांनी परत मिळते. आपल्याकडे दूध संघ दिवाळीला दरफरक देतो, त्याच जातीचा हा व्यवहार.

हिशेब कसा घसरतो ते एका उदाहरणात बघा. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. सोसायटीने १०० युनिट पाच रुपयांनी घेतले, ५०० रुपये. पगार, दुरुस्ती, कर्जाचा हप्ता यासाठी आणखी १५०. एकूण ६५०. तारांमध्ये आणि चोरीत १५ टक्के गेले, बिल ८५ युनिटांचं निघालं, त्यातली ९० टक्के वसुली झाली. म्हणजे पैसे साडेशहात्तर युनिटांचेच आले. खर्च निघायला दर साडेआठ रुपये हवा. आता घट ३० टक्के आणि वसुली ७० टक्के धरा. पैसे ४९ युनिटांचे, आणि लागणारा दर सव्वातेरा रुपयांच्या पुढे. दर दोन्ही वेळा वीज नियामक आयोगच ठरवतो आणि तो सव्वातेरा मंजूर करणार नाही. मग ठोक खरेदीचं बिल थकतं. थकलेल्या बिलावर व्याज चढतं, आणि सगळ्यात आधी कात्री लागते ती रोहित्रांच्या दुरुस्तीला. तिथून घट आणखी वाढते. तारेत वाया जाणाऱ्या विजेकडे दुर्लक्ष केलेली संस्था दहा वर्षांत कुठं पोचते हे यातून दिसतं.

हे आपल्या शेजारी घडून गेलेलं आहे. १९६९ च्या जुलैत ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाला आणि देशात पाच ठिकाणी नमुन्यादाखल वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या: आपल्याकडे मुळा-प्रवरा, कर्नाटकात हुक्केरी, त्या वेळच्या आंध्र प्रदेशात सिरसिल्ला, गुजरातेत कोडिनार आणि उत्तर प्रदेशात लखनौ. मुळा-प्रवरा श्रीरामपूरची, म्हणजे वैजापूर-गंगापूरकरांसाठी गोदावरीच्या पलीकडची. चाळीसेक वर्षं तिने गावोगाव वीज दिली. शेतीपंपांचा मोठा वाटा, खरेदी आणि वसुलीतली वाढती दरी, ठोक वीज देणाऱ्यांची साचत गेलेली थकबाकी आणि तिच्यावरचे वाद, अशा वाटेने जात तिचा परवाना संपला आणि १ फेब्रुवारी २०११ पासून तिथला पुरवठा महावितरणकडे गेला. हुक्केरी आणि सिरसिल्ला मात्र टिकून आहेत. सिरसिल्ला तर मराठवाड्यासारखाच एकेकाळी निजामाच्या राज्यातला मुलूख, कोरडवाहू, पण गावागावांत यंत्रमाग. शेतीपंपांच्या जोडीला वर्षभर चालणारं, मीटरवर मोजलं जाणारं दुसरं गिऱ्हाईक असणं हा माझ्या मते फार मोठा आधार आहे. मराठवाड्यात असं गिऱ्हाईक म्हणजे जिनिंग, लातूरच्या डाळमिल, तेलघाणे, शीतगृहं, पाणीपुरवठ्याचे पंप. सोसायटीची हद्द आखताना हे बाहेर राहिले आणि आत फक्त शिवार आलं, तर पहिल्याच दिवशी ताळेबंद वाकडा झाला म्हणून समजा.

मुळा-प्रवराबद्दल बोलताना बरेचजण 'राजकारणाने बुडाली' एवढ्यावर थांबतात. मला ते अपुरं वाटतं. राजकारण हुक्केरीतही आहे, सिरसिल्लातही आहे. निवडून आलेलं मंडळ म्हटलं की ते येणारच. प्रश्न मोजणीचा आहे. शेतीपंपाला मीटर नसला की वापर एचपीवरून अंदाजाने धरला जातो. मग घट कुठली आणि शेतीचा वापर कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही. चोरी, जुनी तार, सदोष मीटर सगळं 'शेतीपंप' या एका सदरात मावतं. सभासदांना आमसभेत विचारायला आकडाच उरत नाही. म्हणून शेताच्या प्रत्येक पेटीला मीटर बसेपर्यंत थांबू नये. निदान प्रत्येक डीपीला एक मीटर असावा. डीपीवर किती युनिट आले आणि खालच्या मोटारी किती तास चालल्या, या दोन आकड्यांवरून पुष्कळ काही उलगडतं. साध्या तास-मीटरने मोटारीचे तास कळतात, आणि त्यांना पाचने गुणलं की पाच एचपीच्या जुन्या मोटारीचे साधारण युनिट निघतात.

एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ आहे, आणि ती योजना पाच वर्षांसाठी आखलेली आहे. शेतकऱ्याला हा दिलासा हवाच होता. पण सोसायटीच्या दृष्टीने यातून एक नवा पेच तयार होतो. बिल शून्य असेल तर सभासद नियमित काय भरणार? अनुदान शासनाकडून यायचं, ते उशिरा आलं तर खरेदीचं बिल कशातून द्यायचं? माझं म्हणणं असं की वीजदर आणि देखभाल हे दोन कप्पे वेगळे करावेत. वीज फुकट असो की विकत, डीपीची देखभाल कुणीतरी करायचीच आहे. ८० एचपीच्या डीपीवर एचपीमागे वर्षाला १०० रुपये धरले तर आठ हजार जमतात. त्यात दरवर्षीची अर्थिंग, फ्यूज, सिलिका, फांद्या तोडण्याची मजुरी निघते आणि काही शिल्लक पुढच्या सालात जाते. डीपी जळाल्यावर ट्रॅक्टर, डिझेल आणि मजुरीपायी जमवावी लागणारी रक्कम, अधिक आठ-दहा दिवस हुकलेलं पाणी, हे त्याच्याशेजारी मांडून बघावं.

कायद्याचं बोलायचं तर २००३ च्या वीज कायद्यात सहकारी संस्थांना जागा आहे. ग्रामीण भागातलं स्थानिक वितरण पंचायती, वापरकर्त्यांच्या संघटना, सहकारी संस्था किंवा फ्रँचायझी यांच्याकडे देण्याचं धोरण त्याच्या कलम ५ मध्ये आहे. कलम १३ प्रमाणे अशा संस्थांना परवान्यातून सूट देता येते. कलम १४ प्रमाणे अधिसूचित ग्रामीण भागात स्वतः वीज तयार करून वाटणाऱ्याला परवान्याची गरज नाही, सुरक्षिततेचे नियम पाळायचेच. तरीही आज कुणी उठून सगळा तालुका ताब्यात घ्यायचं स्वप्न बघू नये. जुनी तार, जुनी थकबाकी आणि जुने वाद हे सगळं मालमत्तेबरोबर वारशाने येतं.

त्यापेक्षा दोन वाटा आवाक्यातल्या आहेत. एक, वीज तयार करण्याची सोसायटी. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पाणी देऊन उरलेली वीज ते एकत्र मोजून वीज कंपनीला विकतात. एकट्याच्या सौरपंपाची वीज ऊन असूनही पाण्याची गरज नसली की वाया जाते, आणि आपल्याकडे ऑक्टोबर ते मे या काळात असे दिवस कमी नसतात. केंद्राच्या कुसुम या सौर योजनेच्या पहिल्या घटकात तर सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि पाणी वापर संस्थांना अर्धा ते दोन मेगावॅटचा प्रकल्प स्वतःच्या नावावर उभारता येतो. एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. मराठवाड्यातल्या उन्हात वर्षाला पंधरा-सोळा लाख युनिट निघतात. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत जमीन भाड्याने देऊन हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला मिळतात, तेही वाईट नाहीत. पण तिथं शेतकरी जमीनमालक असतो, विजेचा मालक दुसराच. माळरान आपलं, ऊन आपलं, उपकेंद्र गावाच्या शिवेला, तर मालकीसाठी थोडं जास्त झटायला हवं असं मला मनापासून वाटतं. अडचण बँकेच्या कर्जापाशी येते: सभासदांचं भागभांडवल आधी जमलेलं नसेल आणि वीज खरेदीचा करार हातात नसेल तर बँक फाइल पुढे सरकवत नाही.

दुसरी वाट डीपी गटाची, आणि ती याच हंगामात धरता येते. नोंदणी नंतर करता येईल. सहकार कायद्याला वेगवेगळ्या कुटुंबांतले किमान दहा सभासद लागतात, ते एका डीपीवर सहज असतात. आधी वही घ्यावी. पहिल्या पानावर रोहित्राची क्षमता, बसवल्याची तारीख आणि टाकीवर कोरलेला अनुक्रमांक लिहावा. जळालेलं रोहित्र देऊन कुठलं परत आणलं हे या क्रमांकावरूनच कळतं. दुसऱ्या पानापासून मोटारी: नाव, गट क्रमांक, मोटारीवरची खरी एचपी, किती वेळा भरली, कपॅसिटर आहे का आणि जोडलेला आहे का, ऑटो आहे का, डीपीपासून किती खांब लांब. खांब मोजले म्हणजे तारेची लांबी आपोआप निघते. मग लाईनमनला सांगून, सगळ्या मोटारी चालू असताना, तिन्ही फेजचा प्रवाह टाँगटेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून प्रवाह मोजणाऱ्या यंत्राने) मोजून घ्यावा आणि तारखेसह लिहावा. १०० केव्हीएवर एखादा फेज १३३ च्या वर असेल तर पाळी लावायची, जादा क्षमतेचा अर्ज करायचा. तीन फेजांमध्ये मोठा फरक असेल तर शेतवस्त्यांची जोडणी वाटून घ्यायची. अर्जासोबत या पानाची प्रत जोडावी. 'आमची डीपी सारखी जळते' असं लिहिलेला अर्ज आणि 'दिनांकासह मोजलेला प्रवाह १५८, १४९, १६१ अँपिअर' असं लिहिलेला अर्ज, यांतल्या दुसऱ्याला तोंडी उत्तर देऊन परत पाठवणं कुणालाही अवघड जातं.

हे सगळं दसऱ्याच्या आधी उरकावं. सोयाबीन निघालं की लगेच हरभऱ्यासाठी मोटारी सुरू होतात, आणि मग डीपीखाली उभं राहून मोजायला कुणालाच सवड नसते.